षष्ठी विभक्ती आणि संगणकातील नाती

शाळेत विभक्ती शिकविताना षष्ठीचे प्रत्यय मुलांना सर्वांत सोपे वाटतात. एकवचनी चा, ची, चे. अनेकवचनी चे, च्या, ची. षष्ठी ही दोन नामांमधील संबंध दाखविते, एवढे सांगितले की धडा संपतो. तो संबंध कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारण्याची पाळी व्याकरणाच्या तासाला सहसा येत नाही. कारण ऐकणारा मनुष्य असतो आणि मनुष्य अर्थ आपोआप ओळखतो. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. ‘याचे ते’ असे दोन गोष्टींविषयी म्हणताना त्यांचे नाते नेमके काय, हे त्याला यंत्राला सांगावेच लागते. हे उत्तर चुकले तर हिशेब चुकतो, एवढ्यावर भागत नाही. कधी कधी जिवंत माणसाचे नाव यादीतून गळते. म्हणून या नात्यांची ओळख केवळ संगणकाच्या विद्यार्थ्यालाच नव्हे, तर ज्याचे शिधापत्रिका, सातबारा किंवा पासबुक आज संगणकात आहे अशा प्रत्येकाला असणे इष्ट आहे.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात गुडीहत्नूर हे मंडलाचे गाव आहे. नागपूरकडून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 या गावावरून जातो आणि इंद्रवेल्ली व उटनूरकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. कचेरीचा व्यवहार तेलुगूत. पण या परिसरात मराठी आणि गोंडीही घरोघरी बोलल्या जातात. येथला शेतकरी कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकवितो आणि कापूस आदिलाबादच्या बाजारात नेतो. आता त्याच्या बोलण्यातील पाच साधे शब्दप्रयोग पाहा. शेतकऱ्याची जमीन. जिल्ह्याचे मंडल. हिशेबपट्टीची ओळ. कापसाचा काटा. कापसाचे पीक. पाचही ठिकाणी विभक्ती एकच, षष्ठी. नाती मात्र पाच आहेत, आणि पाचही एकमेकांहून भिन्न आहेत.

ती उलगडण्यापूर्वी दोन शब्द समजून घेणे अवश्य आहे. संगणकशास्त्रात ‘वर्ग’ म्हणजे एखाद्या जातीच्या गोष्टींचा साचा. इंग्रजीत त्यास क्लास म्हणतात. त्या साच्यावरून घडलेली एकेक प्रत्यक्ष गोष्ट म्हणजे ‘वस्तू’, म्हणजेच ऑब्जेक्ट. ‘शेतकरी’ हा वर्ग होय. प्रत्येक शेतकऱ्याला नाव असते, गाव असते आणि तो पेरणी करू शकतो, माल विकू शकतो, एवढे या साच्यात लिहिलेले असते. गुडीहत्नूरचा एखादा विशिष्ट शेतकरी ही त्या वर्गातील एक वस्तू. छापील कोरा नमुना आणि भरलेला नमुना यांत जे अंतर आहे, तेच वर्ग आणि वस्तू यांत आहे. नाते वर्गांच्या पातळीवर ठरविले जाते आणि वस्तूंच्या पातळीवर पाळले जाते. ‘प्रत्येक जमिनीला किमान एक खातेदार असलाच पाहिजे’ हा नियम साच्यात लिहिला, की त्या साच्यावरून निघालेल्या प्रत्येक जमिनीस तो लागू होतो.

या विचारसरणीचा उगम नॉर्वेत झाला. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी 1960 नंतरच्या दशकात सिम्युला नावाची भाषा रचली. व्यवहारातील रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाची गती यांचे हुबेहूब चित्र यंत्रात उभे करावे, हा त्यांचा हेतू होता. तोपर्यंत आज्ञावली म्हणजे एकामागून एक करावयाच्या क्रियांची यादी, अशी समजूत होती. डाल आणि न्यूगार्ड यांनी यंत्रात वस्तूंचे एक लहानसे जग वसविले. 1967 च्या सिम्युलात वर्ग आणि उपवर्ग ही कल्पना स्पष्ट झाली. पुढे अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा केली. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस रचली. 1995 साली जावा आली. डाल आणि न्यूगार्ड यांना 2001 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. जग यंत्रात वसवावयाचे ठरले, की त्या जगातील नातीही लिहावी लागतात, हे ओघानेच आले.

पहिले नाते साध्या संबंधाचे. इंग्रजीत त्यास असोसिएशन म्हणतात. दोन स्वतंत्र वस्तू एकमेकींना ओळखतात, परंतु कोणीही कोणाचा भाग नसतो. ‘शेतकऱ्याची जमीन’ या शब्दांत हा संबंध आहे. जमीन शेतकऱ्याच्या आधी होती आणि नंतरही राहणार आहे. शेतकरी गेला म्हणून शेत नाहीसे होत नाही, आणि शेत विकले म्हणून शेतकऱ्याचे अस्तित्व संपत नाही. 

अशा संबंधात दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली संख्या. एका शेतकऱ्यास जमिनी किती, आणि एका जमिनीस शेतकरी किती? महाराष्ट्रातील वाचकास याचे उत्तम उदाहरण घरातच सापडेल. सातबाराचा उतारा जमिनीच्या बाजूने लिहिलेला असतो. एक गट क्रमांक घेतला, की त्यावर भाऊबंदांची चार नावे असू शकतात. आठ-अचा उतारा खातेदाराच्या बाजूने लिहिलेला असतो. एक खाते घेतले, की त्याखाली गावातील अनेक गट क्रमांक येतात. म्हणजे एका जमिनीस अनेक खातेदार आणि एका खातेदारास अनेक जमिनी, असा हा अनेकांचा अनेकांशी संबंध आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने जमिनीच्या साच्यात मालकाच्या नावासाठी एकच जागा ठेवली, तर चार भावांपैकी तिघांना यंत्रात जागाच उरत नाही. 

दुसरी गोष्ट दिशेची. कोणी कोणास ओळखावयाचे? जमिनीवरून मालक शोधता यावा, की मालकावरून जमीन, की दोन्ही? दोन्ही दिशा ठेवल्या तर काम सुलभ होते. परंतु जबाबदारीही दुप्पट होते. फेरफार झाल्यावर सातबारावर नाव बदलले आणि आठ-अवर जुनेच राहिले, तर दोन कागद परस्परांस खोटे पाडू लागतात. यंत्रातही हीच गत होते. म्हणून जाणते लोक जरूर नसताना दुहेरी संबंध ठेवीत नाहीत. आणि ठेवलाच तर दोन्ही टोके एकाच वेळी बदलतील अशी व्यवस्था करतात.

दुसरे नाते समूहाचे. एक वस्तू पूर्ण आणि दुसऱ्या तिचे भाग. पण भागांना स्वतःचे आयुष्य असते. यास ॲग्रिगेशन म्हणतात. ‘जिल्ह्याचे मंडल’ हा असा संबंध होय. आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास या नात्याचे जणू प्रात्यक्षिकच आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. उलट नांदेड जिल्ह्याकडील मुधोळ आणि भैंसा हा मुलूख आदिलाबादेस आला. तालुके इकडचे तिकडे झाले. पण किनवटचे किनवटपण गेले नाही आणि भैंशाचे घर एकही मोडले नाही. 1985 साली आंध्र प्रदेशात मंडल पद्धती आली. 2 जून 2014 रोजी तेलंगणा राज्य निर्माण झाले. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. गुडीहत्नूर आदिलाबादेतच राहिले. मुधोळ आणि भैंसा निर्मलमध्ये गेले. पूर्ण बदलले, भाग टिकले. समूहाच्या नात्याचे हेच लक्षण आहे.

समूहाच्या नात्यात एक भाग दोन समूहांतही असू शकतो. एकच शिक्षक शाळेचाही असतो आणि गावच्या ग्रंथालय समितीचाही. हे सोयीचे आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल यांच्या सीमेवरील काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील अनेक कुटुंबांपाशी दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आणि मतदार-ओळखपत्रे असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वेळोवेळी आल्या आहेत. ‘प्रत्येक गावास राज्य एकच’ हा नियम कोणत्याही आज्ञावलीत कोणी सहज लिहून जाईल. आणि तो चुकीचा आहे असे कोणास वाटणारही नाही. पण प्रत्यक्षात अशी गावे निघाली, की एका राज्याची यादी त्यांना पकडते आणि दुसऱ्या राज्याची यादीही पकडते, आणि दोन्ही याद्या स्वतःपुरत्या बिनचूक असतात. नात्याचा नियम लिहिण्यापूर्वी जमिनीवर काय आहे हे पाहावे लागते, याचा हा धडा आहे.

तिसरे नाते अवयवाचे. येथे भाग पूर्णाशी इतका बांधलेला असतो की पूर्णाबरोबरच तो जन्मतो आणि पूर्णाबरोबरच संपतो. त्यास कॉम्पोझिशन म्हणतात. ‘हिशेबपट्टीची ओळ’ हे त्याचे उदाहरण. शेतकऱ्याने कापूस बाजारात घातला, की त्याला हिशेबपट्टी मिळते. तिच्या एका ओळीत वजन, दुसरीत ओलाव्याचे प्रमाण, तिसरीत भाव, चौथीत वजावट. ही वजावटीची ओळ पट्टीवेगळी काढून दुसऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीस जोडता येत नाही. नुसती एकटी ठेवली तर तिला काही अर्थ राहत नाही. पट्टी रद्द झाली तर ओळीही रद्द झाल्या पाहिजेत. तसे न झाले, तर धन्याविना भटकणाऱ्या वजावटी वर्षअखेरच्या बेरजेत शिरतात आणि मेळ बसत नाही.

दुसरे आणि तिसरे नाते यांतील भेद बोलताना जाणवत नाही. ‘जिल्ह्याचे मंडल’ आणि ‘पट्टीची ओळ’ कानाला सारखीच लागतात. म्हणूनच येथे सर्वाधिक चुका होतात. समजा, मंडल हे जिल्ह्याचे अवयव आहेत असे एखाद्याने यंत्रास सांगून ठेवले. जिल्ह्यांची फेररचना झाली आणि जुना जिल्हा खोडून नवे चार लिहावे म्हणून कोणी पहिली नोंद पुसली. यंत्र आज्ञाधारक असते. ते जिल्ह्याबरोबर मंडले पुसील, मंडलाबरोबर गावे, गावाबरोबर शिधापत्रिका. कोणाचा हेतू वाईट नसतो. षष्ठीचा एक अर्थ दुसऱ्या अर्थाच्या जागी बसलेला असतो, एवढेच.

हा विवेक आपल्या परंपरेस नवा नाही. न्याय आणि वैशेषिक दर्शनांत संयोग आणि समवाय असा भेद केलेला आहे. जो जोडता-तोडता येतो तो संयोग. जो तोडता येत नाही तो समवाय. अवयव आणि अवयवी यांचे नाते त्यांनी समवायाचे मानले. संगणकशास्त्राशी याचा तंतोतंत मेळ मात्र घालू नये. नैयायिकांच्या मते पूर्ण वस्तू आपल्या अवयवांच्या आश्रयाने राहते. संगणकात अवयव पूर्णाच्या आश्रयाने राहतो. तरीही ‘हे नाते तुटू शकते काय?’ हा प्रश्न दोघांनीही अगोदर विचारला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चौथे नाते क्षणिक गरजेचे. त्यास डिपेंडन्सी, म्हणजे अवलंबन, म्हणतात. बाजारात ‘कापसाचा काटा झाला’ असे म्हणतात. काटा कापसाचा नसतो, शेतकऱ्याचाही नसतो. गाडी काट्यावर चढली, वजन निघाले, गाडी उतरली, संबंध संपला. काट्याची आठवण शेतकरी घरी नेत नाही. यंत्रातही एखादे काम करताना एक वस्तू दुसरीस तेवढ्यापुरती हाती घेते आणि सोडून देते. हे सर्वांत सैल नाते होय. तथापि ते नातेच नव्हे, असे समजू नये. काट्याने उद्या किलोऐवजी क्विंटलात आकडा दाखविण्यास आरंभ केला आणि पट्टी करणाऱ्यास ते कळले नाही, तर साडेबारा क्विंटल कापसाची नोंद साडेबारा किलो अशी होईल. आपण ज्याचा आधार घेतो, तो बदलला तर आपल्यालाही बदलावे लागते. अवलंबनाचा अर्थ एवढाच.

पाचवे नाते जातीचे. ‘कापसाचे पीक’ असे म्हणताना कापूस एक आणि पीक दुसरे, असे नसते. कापूस हेच पीक असते. येथे षष्ठीने दोन वस्तू जोडलेल्या नाहीत. एक सामान्य आणि एक विशेष, अशी एकाच वस्तूची दोन नावे जोडली आहेत. यास इन्हेरिटन्स, म्हणजे वारसा, म्हणतात. ‘पीक’ हा सामान्य वर्ग. पेरणीची तारीख, क्षेत्र, उत्पन्न हे सर्व पिकांस समान. कापूस, तूर, सोयाबीन हे त्याचे उपवर्ग. सामान्य वर्गात जे लिहिले ते उपवर्गास न लिहिता मिळते, आणि आपापले विशेष त्यांनी जोडावयाचे. कापसाने धाग्याची लांबी, तुरीने डाळीचा उतारा. ‘वारसा’ या शब्दाने मात्र फसू नये. घरचा वारसा बाप गेल्यावर मुलास मिळतो. हा वारसा चेहऱ्याच्या ठेवणीसारखा आहे. मुलास तो जन्मतःच मिळतो आणि बापाकडेही तो तसाच राहतो.

वारशाची परीक्षा कशी करावी? बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषीने 1987 साली यासंबंधी एक महत्त्वाचा नियम मांडला. त्याचा आशय असा की, जेथे सामान्य वस्तूची अपेक्षा आहे तेथे विशेष वस्तू ठेवली तरी व्यवहार बिघडता कामा नये. पिकाचे क्षेत्र विचारणाऱ्या आज्ञेस कापूस दिला तरी उत्तर मिळाले पाहिजे, तूर दिली तरी मिळाले पाहिजे. या कसोटीस जो उतरत नाही, तो नावाने उपवर्ग असला तरी वारस नव्हे.

मराठी मनुष्यास येथे विशेष सावध राहावे लागते, कारण आपले ‘आहे’ हे क्रियापद दोन कामे करते. ‘कापूस हे पीक आहे’ आणि ‘शेतकऱ्याला जमीन आहे’ या दोन वाक्यांत ‘आहे’ एकच. पण पहिले जात सांगते आणि दुसरे बाळगणे सांगते. पहिल्यात वारसा आहे, दुसऱ्यात संबंध. नवशिका या दोहोंची गल्लत करतो, कारण वारशाने काम चटकन होते. एका ओळीत सारे गुण फुकट मिळतात. या मोहाविरुद्ध एरिक गामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात स्पष्ट इशारा दिलेला आहे. वर्गांचा वारसा घेण्यापेक्षा वस्तू जोडून काम साधत असेल तर ते अधिक बरे, असा त्याचा सारांश आहे.

या इशाऱ्याचे मर्म पाहावयाचे असेल, तर पुन्हा गुडीहत्नूरच्या शिवारात यावे. शेतकरी दोन प्रकारचे: स्वतःची जमीन कसणारा मालक आणि दुसऱ्याची खंडाने किंवा बटाईने कसणारा. तेलुगूत या दुसऱ्यास कौलु रैतु म्हणतात. कौल हा शब्द मराठीलाही परका नाही. शिवकाळातील कौलनामे प्रसिद्धच आहेत. आता आज्ञावली लिहिणारा म्हणेल, ‘शेतकरी’ हा सामान्य वर्ग करू आणि ‘मालक’ व ‘कौलदार’ हे त्याचे दोन उपवर्ग. रचना नीटनेटकी दिसते. पण एखाद्याची स्वतःची दोन एकर जमीन असून तो शेजाऱ्याची पाच एकर खंडाने करीत असला, तर त्याला कोणत्या वर्गात घालावे? आणि कौलदाराने काही वर्षांनी तीच जमीन विकत घेतली तर? वस्तूची जात सहसा जन्मतः ठरते. ती मध्येच बदलता येत नाही. मग जुना मनुष्य पुसून नवा लिहावा लागतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे पूर्वीचे व्यवहारही जातात.

चूक कोठे झाली? मालकी आणि कौल या माणसाच्या जाती नव्हेत. माणूस आणि जमीन यांच्यातील ती नाती आहेत. माणूस एकच, या शेताशी त्याचे नाते मालकीचे, त्या शेताशी कौलाचे. तेव्हा ‘शेतकरी’ हा एक वर्ग, ‘जमीन’ हा दुसरा, आणि त्यांच्यामध्ये दोन स्वतंत्र संबंध असावयास हवेत. इतकेच नव्हे, तर कौलाच्या संबंधास स्वतःची माहिती आहे: कोणत्या वर्षापासून, किती एकर, खंड किती, बटाई असल्यास हिस्सा किती. ही माहिती शेतकऱ्याच्या साच्यात बसत नाही, जमिनीच्याही बसत नाही. ती नात्याची आहे. म्हणून त्या नात्याचाच एक वर्ग करावा लागतो. ‘कौल’ नावाची वस्तू निर्माण होते. तिच्या एका हातात शेतकरी, दुसऱ्या हातात जमीन. मुदत संपली की कौल संपतो. शेतकरी आणि जमीन दोघेही कायम राहतात.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. जुन्या पहाणीपत्रकात पट्टादाराच्या नावाबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावासाठीही जागा असे. तेलंगणात 2018 साली रयतु बंधू योजना सुरू झाली. आरंभी दर हंगामास एकरी 4,000 रुपये याप्रमाणे पिकासाठीचे भांडवल शासनाकडून पट्टादारास मिळू लागले. कौलु रैतु या योजनेत नव्हते. 2020 साली जमिनीच्या नोंदींसाठी धरणी ही संगणकीय व्यवस्था आली. तिच्यातील मुख्य नाते पट्टादार आणि जमीन यांचे होते. कसणाऱ्याच्या नावाचा रकाना तीत राहिला नाही. 2025 साली तिच्या जागी भूभारती ही व्यवस्था आणण्यात आली. कोणास भांडवल द्यावे, हा निर्णय शासनाचा होता, यंत्राचा नव्हता. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, जे नाते नोंदीच्या साच्यातच नाही, त्याच्याविषयी पुढे कोणी चांगला निर्णय घेऊ म्हणाले, तरी तो अमलात आणण्यास यंत्रापाशी काही नसते. कचेरीतील कारकुनास शेजारचा मनुष्य ठाऊक असे. रकाना नसला तरी तो समासात दोन शब्द लिहून ठेवी. यंत्रास समास नाही. जो बी-बियाणे आणतो, मजुरी देतो आणि पीक बुडाले तर ज्याचे बुडते, तो मनुष्य अशा नोंदीत त्या शेताचा कोणीच नसतो.

ही पाच नाती कागदावर मांडण्याची एक सर्वमान्य चिन्हपद्धतीही आहे. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकॉबसन यांच्या प्रयत्नांतून ती सिद्ध झाली आणि 1997 साली यूएमएल या नावाने प्रमाण मानली गेली. नभोवाणीवरून आकृती दाखविता येत नाही. पण वर्णन अवघड नाही. प्रत्येक वर्गासाठी एक चौकोन काढावा. साध्या संबंधासाठी दोन चौकोनांमध्ये सरळ रेघ आणि तिच्या टोकांशी संख्या. समूहासाठी पूर्णाच्या टोकाला पोकळ शंकरपाळा; अवयवासाठी तेथेच भरीव शंकरपाळा. अवलंबनासाठी तुटक रेघेचा बाण, ज्याचा आधार घेतला त्याच्याकडे वळलेला. वारशासाठी पोकळ त्रिकोणाचा बाण, विशेषाकडून सामान्याकडे. पोकळ आणि भरीव शंकरपाळ्यांत शाईच्या एका थेंबाचे अंतर आहे. पण जिल्हा पुसला तर गाव राहते की जाते, हे त्या थेंबावर ठरते.

ज्याला आज्ञावली लिहावयाची नाही, त्यानेही पुढील प्रश्न जवळ ठेवण्यासारखे आहेत. कोणत्याही दोन गोष्टींविषयी ‘याचे ते’ असे म्हटले की प्रथम विचारावे, हे तेच आहे, की याच्याजवळ ते आहे? तेच असेल तर वारसा. नसेल तर विचारावे, ही गाठ टिकणारी आहे की कामापुरती? कामापुरती असेल तर अवलंबन. टिकणारी असेल तर विचारावे, यांत एक पूर्ण आणि दुसरा भाग आहे काय? नसेल तर साधा संबंध. आणि मग एकाला किती, कोणी कोणास ओळखावे, नात्याची स्वतःची काही माहिती आहे काय, हे ठरवावे. भाग असेल तर शेवटचा प्रश्न: पूर्ण नाहीसे झाले तर भाग उरतो काय? उरत असेल तर समूह. उरत नसेल तर अवयव.

या प्रश्नांची उत्तरे यंत्राजवळ नसतात. ती शेतात, बाजारात आणि चावडीवर असतात. म्हणून शेतजमिनीच्या नोंदींचा आराखडा करणाऱ्याने चौकोन आणि रेघा काढण्यापूर्वी एक दिवस तरी शिवारात जावे आणि ‘हे शेत कोणाचे?’ असे विचारावे. बहुधा त्याला एकच उत्तर मिळणार नाही. एक जण म्हणेल, पट्टा अमक्याचा. दुसरा म्हणेल, कसतो तमका. तिसरा म्हणेल, यंदाचे पीक अर्धे अर्धे. तिन्ही उत्तरे खरी असतात, आणि तिन्ही उत्तरे षष्ठीतच दिलेली असतात. त्या तिन्ही षष्ठींना यंत्रात वेगवेगळी जागा करून देणे, हेच आज्ञावली लिहिणाऱ्याचे खरे काम होय.